अजनीचे कंटेनर आणि एडनचं आखात: नागपूरच्या एका कारखान्याचं प्रकरण

हे प्रकरण हिंगणा एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याचं आहे. ओळख पटू नये म्हणून कारखान्याचं, ग्राहकाचं आणि माणसांचं नाव गाळलं आहे, व्यवहाराचे काही तपशीलही बदलले आहेत. समुद्रावरच्या घटना, तारखा आणि देशादेशांतले करार मात्र जसे घडले तसेच दिले आहेत.

विदर्भातल्या छोट्या निर्यातदारांसोबत मी काम करतो. डिसेंबर २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात, येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं लाल समुद्र टाळत असताना, या कारखान्याच्या टेबलावर एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला: अमेरिका आणि भारत या दोन मोठ्या नौदलांची जहाजं एकाच समुद्रात उभी आहेत, एकमेकांना माहिती देत आहेत, मग आपला माल नेहमीच्या वाटेनं का जात नाही? हा प्रश्न भाबडा नव्हता. बड्या शहरांतल्या बड्या कंपन्यांनीही तोच विचारला होता. त्याचं उत्तर वेळेत न मिळाल्यामुळे या कारखान्याला काय सोसावं लागलं, ते सविस्तर लिहावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

कारखाना पंपाच्या बॉडी आणि इम्पेलर (पंपातली पाणी ढकलणारी चक्रं) ओततो आणि त्यांचं मशीनिंग करून देतो. मालक सत्तरीकडे झुकलेले, ओतकामात मुरलेले. निर्यातीचं काम त्यांची पुतणी पाहते. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी इटलीतल्या एका पंप उत्पादकाशी करार केला. माल तीन खेपांत जायचा: डिसेंबरअखेर, जानेवारीअखेर आणि मार्चमध्ये. दर युरोमध्ये ठरलेला, अटी सीआयएफ जिनोआ. म्हणजे जिनोआ बंदरापर्यंतचं जहाजाचं भाडं आणि विमा नागपूरच्या खिशातून. पैसे मिळायचे ते माल जिनोआला पोहोचल्यानंतर ३० दिवसांनी.

करार झाला तेव्हा या अटी कुणालाही जाचक वाटल्या नाहीत. कोविडच्या काळात आकाशाला भिडलेलं कंटेनरचं भाडं तेव्हा खाली बसलेलं होतं. नागपुरातल्या अजनीच्या कंटेनर डेपोतून रेल्वेनं न्हावा शेवा, तिथून अरबी समुद्र, एडनचं आखात, बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी, लाल समुद्र, सुएझ आणि भूमध्य समुद्र अशी ती ठरलेली वाट. जगातल्या कंटेनर वाहतुकीपैकी सुमारे ३० टक्के वाहतूक सुएझमधून होत असे. त्यामुळे भाडं विक्रेत्यानं भरायचं की ग्राहकानं, यावर दोघांनीही फार वेळ घालवला नाही.

करारानंतर दोन महिन्यांनी, १९ नोव्हेंबर २०२३ ला, येमेनमधल्या हुथींनी 'गॅलेक्सी लीडर' हे मोटारी वाहून नेणारं जहाज हेलिकॉप्टरनं उतरून ताब्यात घेतलं. ते जहाज गुजरातमधल्या पिपावाव बंदराकडे येत होतं. नागपुरात ती बातमी वाचली गेली आणि बाजूला पडली.

पेच

१५ डिसेंबरला मर्स्क आणि हापाग-लॉइड या बड्या कंटेनर जहाज कंपन्यांनी लाल समुद्रातली वाहतूक थांबवली. दुसऱ्या दिवशी एमएससीनंही तेच केलं. कारखान्याची पहिली खेप, वीस फुटी तीन कंटेनर, भरायला तयार होती. फॉरवर्डरनं, म्हणजे जहाजावर जागा मिळवून देणाऱ्या एजंटनं, कळवलं की ठरलेलं बुकिंग रद्द झालं आहे. आता केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणाऱ्या जहाजावर जागा मिळेल, पण भाडं नवं आणि वर सरचार्ज.

जिनोआच्या बाबतीत हा वळसा फार महागात पडतो. मुंबईहून रॉटरडॅमला सुएझमार्गे सुमारे ६,३०० सागरी मैल पडतात आणि केपमार्गे १०,७०० च्या आसपास, म्हणजे पावणेदोन पटीच्या आत. जिनोआ मात्र भूमध्य समुद्राच्या पोटात आहे. आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जिब्राल्टरमधून आत शिरायचं म्हणजे अंतर दुपटीहून जास्त होतं. 'केपमुळे दहा ते चौदा दिवस वाढतात' हा आकडा बातम्यांत सगळीकडे फिरत होता. तो उत्तर युरोपच्या बंदरांना धरून होता आणि इटलीला माल पाठवणाऱ्यानं त्यावर विसंबणं धोक्याचं होतं. पुतणीच्या हे लवकर लक्षात आलं.

भाडं वाढलं की कारखान्याचा नफा जाणार, प्रवास लांबला की पैसे उशिरा येणार. पैसे पोहोचल्यानंतर ३० दिवसांनी येणार असल्यानं दुसरा मुद्दा पहिल्याहून गंभीर होता. बँकेची पॅकिंग क्रेडिटची, म्हणजे निर्यातीचा माल तयार करण्यासाठीच्या कर्जाची, मर्यादा पहिल्या खेपेतच जवळजवळ भरली होती आणि दुसऱ्या खेपेचं पिग आयर्न उधारीवर उचललं होतं.

थांबायचं की निघायचं

१८ डिसेंबरला अमेरिकेनं 'ऑपरेशन प्रॉस्पेरिटी गार्डियन' जाहीर केलं. ब्रिटन, फ्रान्स, इटली, बहारीन, कॅनडा असे देश त्यात होते. भारत नव्हता. २३ डिसेंबरला आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर 'केम प्लुटो' या टँकरवर ड्रोन आदळलं. त्यानंतर आपल्या नौदलानं आयएनएस मुरगाव, आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता या विनाशिका अरबी समुद्रात पाठवल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास, २४ डिसेंबरला, मर्स्कनं सांगितलं की अमेरिकेच्या नेतृत्वाखाली संरक्षण मिळत असल्यानं आम्ही लाल समुद्रात परतायची तयारी करत आहोत.

नाताळनंतर कारखान्यात बसलो तेव्हा या तिन्ही बातम्या टेबलावर होत्या.

"अमेरिकेची फौज उतरून राहिली, आपल्याही विनाशिका तिकडे आहेत," मालक म्हणाले. "आठ-पंधरा दिवसांत रस्ता मोकळा होते. आता दुपटीनं भाडं कायले भरायचं? थांब जरा."

"काका, आपली जहाजं लाल समुद्रात नाहीयेत, अरबी समुद्रात आहेत," पुतणी म्हणाली. "अन् भाडं रोज वाढून राहिलं. तुम्ही हो म्हणेपर्यंत जागाच राहायची नाही."

या दोन वाक्यांत सगळं प्रकरण आहे. दोघांनीही बातम्या नीट वाचल्या होत्या. मालकांनी 'किती युद्धनौका' हे पाहिलं. पुतणीनं 'कुठे' हे पाहिलं. 'कशासाठी' हा तिसरा प्रश्न त्या दिवशी नीट मांडला गेला नाही, आणि निर्णय खरं तर त्यावर अवलंबून होता.

दोन नौदलं, दोन वेगळी कामं

भारत-अमेरिका सागरी सहकार्य कशाचं बनलं आहे ते इथे थोडं विस्तारानं सांगतो, कारण निर्यातदाराला ते माहीत असायला हवं आणि आपल्याकडे ते सहसा 'मैत्री' या एका शब्दात उरकलं जातं.

२०१६ मध्ये दोन्ही देशांनी रसद-सहकार्याचा करार केला, ज्याला लेमोआ म्हणतात. एकाच्या जहाजाला दुसऱ्याकडून इंधन आणि पुरवठा घेता यावा, हिशेब नंतर चुकता व्हावा, ही त्याची साधी कल्पना. सप्टेंबर २०२० मध्ये अरबी समुद्रात आयएनएस तलवारनं अमेरिकेच्या 'युकॉन' या तेलवाहू जहाजाकडून याच कराराखाली इंधन घेतलं. २०१८ चा कॉमकासा करार सुरक्षित, सांकेतिक संपर्क यंत्रणांचा. २०२० चा बेका नकाशे आणि भूस्थानिक माहितीचा. गुरुग्रामला डिसेंबर २०१८ पासून नौदलाचं माहिती केंद्र चालतं. हिंदी महासागरातल्या व्यापारी जहाजांची माहिती तिथे एकत्र होते आणि अमेरिकेसह अनेक देशांचे संपर्क अधिकारी तिथे बसतात. आपल्या नौदलाची बारा पी-८आय टेहळणी विमानं बोईंगची आहेत. बहारीनमध्ये मुख्यालय असलेल्या, अमेरिकेच्या पुढाकारानं चालणाऱ्या संयुक्त सागरी दलाचा भारत २०२३ च्या अखेरीस पूर्ण सदस्य झाला.

एवढं असूनही भारत प्रॉस्पेरिटी गार्डियनमध्ये गेला नाही. ही विसंगती वाटते, पण यामागे विचार आहे. वरच्या करारांपैकी एकाही करारानं भारताला अमेरिकेच्या लढाईत उतरायला बांधलेलं नाही. लेमोआ इंधन देतो, तळ देत नाही. इराणशी आपले संबंध आहेत, तिथल्या चाबहार बंदरात तेव्हा आपली गुंतवणूक होती आणि आखाती देशांत लाखो भारतीय कामाला आहेत. हुथींच्या पाठीशी इराण आहे. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर १५ जानेवारी २०२४ ला तेहरानमध्ये होते आणि भारताच्या आसपासच्या समुद्रात जहाजांवर होणाऱ्या हल्ल्यांचा विषय त्यांनी तिथे काढला. बॉम्ब टाकणाऱ्या आघाडीत असतो तर हे बोलणं वेगळ्या खोलीत, वेगळ्या सुरात झालं असतं.

सहकार्याला कडा असतात हे अमेरिकेनंही आपल्याला दाखवून दिलं आहे. ७ एप्रिल २०२१ ला त्यांची 'जॉन पॉल जोन्स' ही विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे १३० सागरी मैलांवर, आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रातून (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा पट्टा), परवानगी न मागता गेली आणि सातव्या आरमारानं ते जाहीरपणे सांगितलं. भारतानं आपली नाराजी राजनैतिक मार्गानं कळवली. मित्र असूनही दोघं एकच कायदा वेगळा वाचतात. आपण १९९५ मध्ये सागरी कायद्याचा करार मंजूर केला, अमेरिकेनं तो आजवर मंजूर केलेला नाही.

तर डिसेंबरअखेरीस समुद्रावर कामाची वाटणी अशी होती. अमेरिका आणि तिचे साथीदार लाल समुद्रात क्षेपणास्त्रं आणि ड्रोन पाडत होते, आणि १२ जानेवारीपासून अमेरिका आणि ब्रिटन येमेनवर थेट हल्ले करू लागले. भारत एडनच्या आखातात आणि अरबी समुद्रात होता: टेहळणी, चाचेगिरीला आळा, हल्ला झालेल्या जहाजांना मदत. जानेवारीत नौदलाची दहाहून अधिक जहाजं या भागात होती. चाचे पुन्हा डोकं वर काढत होते, कारण सगळ्यांचं लक्ष हुथींकडे लागलं होतं. अमेरिकेला लाल समुद्रात मोकळा हात मिळाला तो काही अंशी भारत एडनच्या आखातात उभा होता म्हणून. माहिती एकमेकांकडे जात होती, झेंडे वेगळे होते.

याचं सगळ्यात स्पष्ट चित्र २६ जानेवारीला दिसलं. 'मार्लिन लुआंडा' हा नॅफ्था (पेट्रोलसारखं ज्वालाग्राही द्रव) वाहणारा टँकर क्षेपणास्त्र लागून पेटला. त्यावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होते. आयएनएस विशाखापट्टणमचं पथक आग विझवायला त्यावर चढलं, आणि अमेरिकेची 'कार्नी' व फ्रान्सची 'अल्सास' याही मदतीला होत्या. प्रजासत्ताक दिनाच्या रात्री मदतीला धावलेले आपले नौसैनिक दुसऱ्या दिवशी पहाटेपासून नॅफ्थाच्या आगीशी झुंजत होते. हे आठवलं की मला अजूनही अभिमान वाटतो.

पण आग विझवणं आणि वाट खुली करणं ही दोन वेगळी कामं आहेत. कंटेनर कुठल्या वाटेनं जाईल हे कोणतंही नौदल ठरवत नाही. ते जहाज कंपनी ठरवते, आणि ती विमा कंपनीकडे बघून ठरवते. लंडनच्या विमा बाजारातल्या संयुक्त युद्ध समितीनं १८ डिसेंबरला, म्हणजे अमेरिकेनं आघाडी जाहीर केली त्याच दिवशी, लाल समुद्रातलं धोक्याचं क्षेत्र १५ अंश उत्तरेवरून १८ अंश उत्तरेपर्यंत वाढवलं. एका बाजूला संरक्षण जाहीर होत होतं आणि त्याच दिवशी विम्याचा बाजार धोका वाढल्याचं सांगत होता. नागपूरच्या टेबलावर पहिली बातमी पोहोचली, दुसरी पोहोचली नाही.

पर्याय

मालाचे नग ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे केलेले असल्यानं ते दुसऱ्या कुणाला विकणं शक्यच नव्हतं. थांबायचं, हा मालकांचा कल. लाल समुद्र खुला झाला तर जुन्या भाड्याच्या जवळपास माल जाईल. यात धोका असा की तो खुला झाला नाही तर जागा आणखी महाग मिळेल, आणि तोवर चिनी नववर्षाआधीची गर्दी सुरू होईल.

केपच्या वाटेनं लगेच बुक करायचं, हा पुतणीचा आग्रह. खर्च पक्का आणि मोठा, पण तारीख हातात.

थोडा माल विमानानं पाठवायचा विचारही झाला. ओतीव लोखंड विमानानं पाठवणं ऐकायलाच विचित्र वाटतं, पण ग्राहकाची असेंब्ली काही मोजक्या इम्पेलरसाठी अडणार होती. तेवढेच पेटीत भरून मुंबईहून पाठवले तर त्यांची लाइन चालू राहिली असती. दुबईच्या जेबेल अली बंदरापर्यंत जहाजानं आणि तिथून विमानानं असाही मार्ग तेव्हा बरेच जण वापरत होते. वजनामुळे तो इथे परवडला नाही.

आणि ग्राहकाशी अटी नव्यानं बोलायच्या. मालकांना यात कमीपणा वाटत होता. "दर ठरला म्हणजे ठरला. शब्द फिरवला तर पुढची ऑर्डर येत नाही." त्यांची ही भावना मी हलक्यात घेणार नाही. चाळीस वर्षं त्यांनी याच शब्दावर धंदा केला आहे.

विम्याचं काय, हाही प्रश्न निघाला. कंटेनरमधल्या मालावर युद्धजोखमीचं कलम घेता येतं. पण मालाच्या सागरी विम्याच्या प्रमाणित कलमांत उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, मग तो उशीर विमा असलेल्या धोक्यामुळे झालेला का असेना. या कारखान्याचं नुकसान उशिरातूनच होणार होतं. क्षेपणास्त्र लागण्याची त्यांना भीती नव्हती, कारण त्यांचं जहाज तिकडे जाणारच नव्हतं. विमा घेतला की आपण सुरक्षित, हा समज त्या बैठकीत तरी दूर झाला.

काय केलं

ते थांबले. नववर्ष उजाडेपर्यंत वाट पाहायची असं ठरलं.

३० आणि ३१ डिसेंबरला 'मर्स्क हांगझोऊ' या कंटेनर जहाजावर आधी क्षेपणास्त्र आलं, मग हुथींच्या छोट्या बोटींनी त्याला घेरलं. अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी तीन बोटी बुडवल्या. जहाज वाचलं. नौदलाच्या दृष्टीनं हे यश होतं. मर्स्कनं मात्र २ जानेवारीला लाल समुद्रातली वाहतूक पुन्हा थांबवली आणि ५ जानेवारीला सांगितलं की नजीकच्या भविष्यात सगळी जहाजं केपमार्गेच जातील. ज्या घटनेत संरक्षण उत्तम चाललं, त्याच घटनेनं वाट बंद केली. जहाज कंपनीच्या नजरेतून पाहिलं तर यात काही कोडं नाही. आपल्या जहाजाला हेलिकॉप्टरांची गरज पडली, एवढंच तिला पुरेसं होतं.

मालकांना हे पटायला दुसरी बैठक लागली नाही. ५ तारखेची बातमी वाचून त्यांनीच पुतणीला फोन केला, "करून टाक बुकिंग." तोवर भाडं डिसेंबरच्या मध्यातल्या कोटेशनच्याही वर गेलं होतं आणि कराराच्या वेळच्या भाड्याच्या दुपटीला मागे टाकून पुढे निघालं होतं. अजनीला रिकामे कंटेनर मिळायलाही वेळ लागला, कारण वळसा घालणारी जहाजं परत उशिरा येत होती आणि रिकामे डबे जगभर चुकीच्या जागी अडकले होते. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिन्ही कंटेनर न्हावा शेवाहून निघाले.

त्याच आठवड्यात ग्राहकाला पत्र गेलं. मसुदा पुतणीनं केला, सूर मालकांनी ठरवला. त्यात रडगाणं नव्हतं. पहिल्या खेपेचं वाढीव भाडं आम्ही पूर्ण सोसतो असं लिहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेसाठी दोन मागण्या केल्या: अटी एफओबी न्हावा शेवा कराव्यात, म्हणजे माल तिथे जहाजावर चढल्यानंतरचं भाडं आणि विमा ग्राहकाचा, आणि पैशाची मुदत बिल ऑफ लेडिंगच्या (जहाज कंपनीनं माल चढल्याची दिलेल्या पावतीच्या) तारखेपासून मोजावी. सोबत त्यांच्या असेंब्लीला तातडीनं लागणारे इम्पेलर आमच्या खर्चानं विमानानं पाठवतो असं कळवलं. ग्राहकानं एफओबी मान्य केलं, कारण इटलीतल्या फॉरवर्डरकडून त्यांना बरा दर मिळत होता. पैशाच्या मुदतीवर घासाघीस झाली आणि बिल ऑफ लेडिंगपासून ७५ दिवसांवर जमलं.

परिणाम

पहिली खेप मार्चच्या सुरुवातीला जिनोआला लागली आणि पैसे एप्रिलमध्ये आले. या व्यवहारात पहिल्या खेपेवर कारखान्याला तोटा झाला. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये पिग आयर्नच्या व्यापाऱ्याची उधारी थकली. ओव्हरटाइम बंद करावा लागला आणि कंत्राटी कामगारांच्या पाळ्या कमी झाल्या. लाल समुद्रातल्या संकटाची झळ हिंगण्यात सगळ्यात आधी बसली ती त्यांना. पगार कुणाचा बुडाला नाही, पण भट्टीवरच्या लोकांनी ते दोन महिने ओढून-ताणून काढले, हे लिहिल्याशिवाय प्रकरण पूर्ण होत नाही.

दुसरी आणि तिसरी खेप सुरळीत गेली. ग्राहक टिकला.

समुद्रावर मात्र गोष्टी बिघडतच गेल्या. ६ मार्चला 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावरच्या हल्ल्यात तीन खलाशी मारले गेले. आयएनएस कोलकातानं २१ जणांना पाण्यातून आणि तराफ्यांवरून उचललं. त्याच महिन्यात चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' जहाज नौदलानं सुमारे ४० तासांच्या कारवाईनंतर सोडवलं. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर, अमेरिकी बनावटीच्या सी-१७ विमानातून मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले गेले, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुटले. दोन देशांच्या सहकार्यातून काय मिळतं याचं हे ठोस उदाहरण आहे. विमान अमेरिकेकडून घेतलेलं, कारवाईतली विनाशिका आयएनएस कोलकाता माझगाव गोदीत बांधलेली, निर्णय पूर्णपणे आपला. तरीही त्या आठवड्यात जिनोआचं भाडं जराही उतरलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, थांबण्याला मुदत आणि मोजमाप हवं होतं. 'नववर्षापर्यंत पाहू' ही मुदत झाली, पण काय दिसलं म्हणजे निघायचं हे ठरलं नव्हतं. माझ्या मते निकष दोनच पुरेसे होते: विमा बाजार धोक्याचं क्षेत्र कमी करतो का, आणि किमान दोन मोठ्या कंपन्यांची भरलेली कंटेनर जहाजं सलग काही आठवडे बाब-अल-मंदेबमधून जातात का. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन्हींचं उत्तर नकारार्थी होतं. एका कंपनीची परतण्याची घोषणा हा निकष होऊ शकत नाही.

युद्धनौकांची बातमी आली की तीन प्रश्न विचारायला हवेत: जहाजं कुणाची, उभी कुठे आहेत, आणि त्यांना आदेश काय आहे. तिसऱ्याचं उत्तर बातमीत क्वचित असतं, पण देशाच्या भूमिकेवरून अंदाज येतो. भारत आघाडीत नाही हे कळल्यावर आपल्या विनाशिका लाल समुद्रात कंटेनर जहाजांच्या पुढे-मागे चालणार नाहीत, हे त्याच दिवशी स्पष्ट होतं.

करारातली पैशाची अट सप्टेंबरमध्येच बदलून घ्यायला हवी होती. भाड्यापेक्षा तीच कारखान्याला जास्त टोचली. 'माल पोहोचल्यावर' या शब्दांत वाटेतला सगळा धोका विक्रेत्याच्या डोक्यावर येतो, युद्ध असो, वादळ असो की बंदरातला संप असो. नागपूरसारख्या समुद्रापासून दूरच्या गावातून माल पाठवणाऱ्यानं मुदत बिल ऑफ लेडिंगपासूनच मागावी. आणि ग्राहकाला पत्र १६ डिसेंबरला जायला हवं होतं. तेव्हा तोही त्याच गोंधळात होता आणि वाटून घ्यायला तयार असण्याची शक्यता जास्त होती. शब्द पाळणं आणि परिस्थिती कळवणं यांत विरोध नाही, हे मालकांना जानेवारीत पटलं.

एका मुद्द्यावर माझं आणि मालकांचं अजून जमत नाही. त्यांचं म्हणणं, भारत आघाडीत उतरला असता तर वाट लवकर खुली झाली असती. मला तसं वाटत नाही. अमेरिका आणि ब्रिटन यांनी वर्षभर हल्ले करूनही वाट खुली झाली नाही. इजिप्तचं सुएझ कालव्याचं उत्पन्न २०२४ मध्ये ६० टक्क्यांहून जास्त घटलं. आणखी एका नौदलानं त्यात फार फरक पडला नसता, आणि आपले खलाशी मात्र जास्त जहाजांवर लक्ष्य झाले असते. भारतानं वेगळं राहून बचावाचं काम घेतलं ते योग्यच होतं. पण त्या भूमिकेची किंमत निर्यातदार भरत असतील तर त्याची दखल घ्यायला हवी. आपला बहुतेक कंटेनर माल परदेशी कंपन्यांच्या जहाजांतून जातो, त्यामुळे वाट आणि भाडं ठरवताना आपला आवाज नसतो. नौदल कितीही सक्षम झालं तरी स्वतःची कंटेनर जहाजं नसतील तर ही उणीव भरून निघणार नाही. यावर मात्र मालक आणि मी एकमतानं बोलतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात पुढच्या वर्षाचा करार आला तेव्हा पुन्हा वाद झाला. मे महिन्यात ओमानच्या मध्यस्थीनं अमेरिका आणि हुथी यांच्यात युद्धबंदी झाली होती. वाट खुली होणार असं धरून सुएझच्या अंतरावर भाडं काढावं, असा ग्राहकाचा आग्रह होता आणि मालकांचाही कल तिकडेच होता. पुतणीनं अट घातली की दरात भाडं धरायचंच नाही, एफओबी कायम ठेवायचं. जुलैच्या सुरुवातीला हुथींनी 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' ही दोन जहाजं काही दिवसांच्या अंतरानं बुडवली. अमेरिकेशी झालेल्या युद्धबंदीनं इतर देशांच्या जहाजांना संरक्षण दिलेलं नव्हतं. करार एफओबीवर सही झाला.